आंदनाच्या गाडीची बॅटरी

दिलं ते दिलं. चैतराम डोंगरवारच्या घरात हा एकच कायदा, आणि तो कोणी मोडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. जात कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारी; त्याच्या कोण्या पणज्यानं गावासाठी तळं बांधलं, पाळ घातली, पाणी सोडायचं तुडुम बसवलं आणि सगळं झाल्यावर तळं गावाला देऊन टाकलं. पुढं दुष्काळाचं साल आलं, तरी त्या माणसानं आपल्या धानाच्या बांधीत पाणी आधी घेतलं नाही. पाळी येईस्तोवर धान डोळ्यांदेखत करपू दिलं, पण दिलेल्या पाण्याला हात लावला नाही. ही गोष्ट चैतराम ज्याला त्याला सांगायचा. ऐकणारा जांभई द्यायचा, तरी शेवटपर्यंत सांगायचा.

आता असल्या माणसानं लेकीच्या लग्नात मोटारसायकल आंदन दिली, आणि सहा वर्षांनी तीच मोटारसायकल लेकीसकट अंगणात येऊन उभी राहिली, तर त्यानं काय करावं? चैतरामनं काहीच केलं नाही. सगळी रड तीच आहे.

हर्षा आली ती ऐन पोळ्याच्या आदल्या दिवशी. पोळ्याला लेकी माहेरी येतातच, त्यात नवल नाही. पण नवऱ्याला मागं ठेवून, एकटीच, स्वतः गाडी चालवत कोणती लेक येते? सौंदडकडच्या सासरच्या खेड्यातून निघताना शेजारच्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली होती म्हणे, आणि वाटेत कुठं बंद पडली तर पंचाईत म्हणून तिनं ती दारात येईस्तोवर बंद केली नव्हती. उतरली तेव्हा लंगडत होती. "मोरीत घसरली," एवढंच म्हणाली. चैतराम बैलांची शिंगं रंगवत होता. त्यानं ब्रश खाली न ठेवताच विचारलं, "जावई कधी येते?"

"नाही येत. मी परत जात नाही बाबा. तिथं मले..."

"थांब." चैतरामनं तिथंच तिला तोडलं. "सणाच्या तोंडावर काही बोलू नको. अन् त्या घरची गोष्ट या घरात पाहिजेच नाही. तुडुमातून गेलेलं पाणी मागं येत नसते, समजलं?"

हर्षाला समजलं. तिनं त्यानंतर पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि चैतरामला वाटलं, राग आहे, उतरेल.

गाडी गोठ्याच्या छपरीत गेली. काळी गाडी, टाकीवर लाल पट्टा. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणारा माणूस तो, लेकीला दिलेल्या गाडीला कसला हात लावतो! गाडीवर बसणं तर सोडाच, शेतातून आल्यावर त्यानं त्या सीटवर कधी आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकला नाही. शेजारचा ओमेश दोनदा सांगून गेला, "काका, आठवड्यातून एकडाव तरी चालू करत जा. उभ्यानं बॅटरी बसते."

"माझी गाडी आहे का ते?" चैतरामनं दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मग सीटवर कोंबडी बसायला लागली, चाकांतली हवा गेली, आणि गाडी जिथं होती तिथंच राहिली.

आणि खरं सांगायचं तर लेकीचंही त्यानं तेच केलं. छळलं नाही, टाकून बोलला नाही. उलट पाहुणीसारखं ठेवलं. जेवायला तिचं ताट आधी. धान कापणीला सगळं गाव बांधीत, पण हर्षानं विळा उचलला की हा ओरडायचा, "ठेव तो! पाहुण्यानं काम नाही करायचं." अर्जुनीच्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी तिला शिकवायला बोलावलं, ती लग्नाआधी तिथंच शिकली होती, तर म्हणाला, "तुझ्या घरी गेली की विचार, ते जाऊ देतीन तर जा." तुझं घर म्हणजे सासर. माहेरचं घर त्याच्या तोंडी नुसतं 'इथं' असायचं. 'इथं किती दिवस राहशील' मधलं इथं. पोरगी दिवसभर ओसरीत बसून तळ्याच्या पाळीकडे पाहायची, आणि आई सुमित्राबाई तिच्याकडे पाहायची.

होळी झाली आणि इवायाचा फोन आला. परसराम, जावई स्वप्निलचा बाप. बोलायला मोठा गोड माणूस. "झालं गेलं सोडा इवाई. पोराचं चुकलं, पोरीचंबी चुकलं. चार लोकांत हसू होऊन राहिलं. घेऊन या तिले. अन् गाडी चालू करूनच आणजा, पोराले कामावर जायची लय तकलीफ आहे."

चैतरामच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यानं तिथंच दिवस ठरवला. ओमेश गाडी घेऊन पुढं अर्जुनीला जाईल, तिथं नवी बॅटरी बसवायची, तिथूनच ओमेशनं गाडी सौंदडला न्यायची, आणि बाप-लेक दुपारच्या पॅसेंजरनं मागून जातील. हर्षाला त्यानं संध्याकाळी सांगितलं, "तुझ्या घरून बोलावणं आलं." तुला जायचं आहे का, असं विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

निघायच्या दिवशी सुमित्राबाईचे हात चालत नव्हते. पिशवीत लुगडं ठेवायची, काढायची, पुन्हा घडी घालायची. चैतराम कावला तशी ती हळूच म्हणाली, "आयका जी. तिच्या पायाकडं पाहा जरा."

"म्या काय डॉक्टर आहो? घसरली होती, बसला मार. सहा-सात महिने झाले."

"तिले जास्त उभी नका ठेवू."

"बरं बरं," म्हणत तो पायात चपला सारून बाहेर पडला. बाई आणखी काही सांगणार होती. पण त्या घरात बाईचं निम्मं बोलणं दारापर्यंतच पोचायचं.

अर्जुनीला स्टेशनच्या रस्त्यावर श्यामलालचं बॅटरीचं दुकान. माणूस मूळचा गोंदियाचा, त्यामुळं निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि दोन्ही सारख्याच सपाट्यानं. एसटीतून उतरून चैतराम आणि हर्षा पोचले तेव्हा ओमेश गाडी लावून उभाच होता. सकाळी चाकांत हवा भरून, प्लग साफ करून, किका मारून मारून त्याचा घामटा निघाला होता. "काका, मी जरा चा पिऊन येतो, मंग निघतो सौंदडले," म्हणत तो चौकाकडं गेला.

श्यामलालनं बाजूचं झाकण काढलं, बॅटरी ओढून बाहेर घेतली. टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. त्यानं मीटर लावलं, काटा पाहिला आणि मान हलवली.

"मर गई बेचारी. चार्जिंगलाबी लावून उपयोग नाही, पकडणार नाही. कितने दिन खडी थी?"

"पोळ्यापासून," हर्षा म्हणाली.

"पोळ्यापासून! और किसीने हाथ नहीं लगाया?" त्यानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "अहो भाऊ, वापरून कमी मरते हे, उभी ठेवून ज्यादा मरते. दूध देणारी गाय बांधून ठेवा अन् काढूच नका, तसं आहे."

चैतरामला हे बोलणं आवडलं नाही. आपण नेमधर्मानं वागलो तर हा दुकानदार आपल्यालाच शिकवायला निघाला. "नवीन दाखवा," तो म्हणाला. "आमाले पॅसेंजर पकडायची आहे."

श्यामलालनं दोन बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या. एक मुठीएवढी, दुसरी तिच्या दीडपट. "ये छोटी. हॉर्न, लाईट, इंडिकेटर, सगळं चालते. पण गाडी किक मारूनच चालू करावी लागंल. सालभराची गॅरंटी. ये बडी. सेल्फवाली. बटण दाबलं की चालू. चार सालाची गॅरंटी. तुमच्या गाडीले कंपनीतून हेच होती. अब बताओ, गाडी चलाएगा कौन?"

"जावई."

"किक मारते?"

"जवान माणूस आहे, मारंल नाही तर काय."

"फिर छोटी में काम हो जाएगा."

"छोटी द्या," चैतराम म्हणाला.

"बाबा." हर्षा इतक्या हळू बोलली की आधी त्याला ऐकूच आलं नाही. "बाबा, मोठी घेता का?"

"कायले?"

"कधी मलेबी चालवा लागंल."

"तुले कोण चालवू देणार आहे आता?" चैतराम म्हणाला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आता नवऱ्याच्या मागं बसायचं, नीट संसार करायचा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण हर्षानं मान खाली घातली, आणि मग ती मोठ्या बॅटरीकडं पाहायचीसुद्धा थांबली. लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वप्निलनंच तिला ही गाडी शिकवली होती, शेताच्या वाटेवर, मागं बसून, हसत हसत. ते दिवसही होते. नव्हते असं नाही.

श्यामलालनं छोटी बॅटरी बसवली, नट आवळले. मग मीटरच्या दोन तारा दोन हातांत धरून, त्यांची टोकं बॅटरीला टेकवून तो उकिडवा बसला. "आता चार्जिंग येऊन राहिली का ते पाहतो. नहीं तो नई बैटरी भी बैठ जाएगी. माझे हात गुंतले आहेत. कोणी किक मारा."

चैतरामनं चौकाकडं पाहिलं. ओमेशचा पत्ता नव्हता. चहा प्यायला गेला की चहाचा मळा लावायला, देव जाणे. स्टेशनकडून भोंग्यावर काहीतरी घोषणा ऐकू आली. चैतराम गाडीपासून हातभर अंतरावर उभा होता, हात मागं बांधून. दिलेल्या गाडीला पाय कसा लावणार? त्यानं लेकीकडं पाहिलं.

"हर्षा, मार किक."

"ओमेशले येऊ द्या बाबा."

"तो येते तवर पॅसेंजर निघून जाईल. मार."

"बाबा..."

"तुझ्याच गाडीची किक आहे ना? मार म्हणतो ना, मार किक!"

हर्षानं पिशवी खाली ठेवली. हँडल धरलं, उजवा पाय किकवर ठेवला, डोळे मिटले आणि सगळं अंग त्या पायावर टाकलं. किक अर्धी खाली गेली. मग तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. गुडघा आतल्या बाजूला वळला, पाय मुळापासून गळाला आणि पोरगी गाडीला धरत धरत खाली बसली. गाडी तिच्यावर पडायची ती श्यामलालनं मीटर फेकून खांद्यावर झेलली.

"अरे बाप रे! बेटी, लगी क्या?" त्यानं गाडी स्टँडवर लावली, बॅटऱ्यांचं एक रिकामं खोकं उलटं करून तिला त्यावर बसवलं आणि पाणी आणायला आत गेला. पाणी आणायला माणसाला इतका वेळ लागत नाही, पण तो लवकर बाहेर आला नाही. शहाणा माणूस होता.

हर्षाच्या सलवारीचा पाय वर सरकला होता. गुडघा सुजून गुळाच्या भेलीसारखा झाला होता, आणि त्याच्याभोवती हिरव्या कापडाची पट्टी आवळून बांधलेली होती. चैतरामनं ते कापड ओळखलं. सुमित्राबाईचं जुनं लुगडं, गेल्या दिवाळीला तिनं फाडून पोतेरं केलं असं तो समजत होता. म्हणजे एवढे महिने त्याच्याच घरात, भिंतीच्या पलीकडं, रोज कोणी ही पट्टी सोडत होतं, तेल चोळत होतं, पुन्हा बांधत होतं. त्याला पत्ता नव्हता. पत्ता नव्हता म्हणजे काय, त्यानं पाहिलंच नव्हतं.

"तू मोरीत घसरली होती ना?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"नाही बाबा."

"मंग?"

हर्षानं गुडघ्यावर हात ठेवला. रडत नव्हती. रडणं तिचं केव्हाच होऊन गेलं असावं.

"रातच्यानं गाडीची चावी चालू राहिली होती. माझ्यानं राहिली म्हणे. सकाळी बटण दाबलं तर बॅटरी उतरलेली. त्याले उशीर होऊन राहिला होता. किका मारल्या, मारल्या, गाडी चालू होईना. मंग माझ्याकडं वळला." ती थांबली. "पहिल्यांदा नाही मारलं बाबा. पहिले मारे तर दोन दिवसांत ठीक होऊन जाय. त्या दिवशी गुडघ्यावरच लात मारली. अन् वर म्हणे, आता तू मार किक. त्याच पायानं मारायले लावली. सासरा अंगणात दात घासून राहिला होता. तो म्हणे, मार ना बाई, त्याले उशीर होऊन राहिला."

मार किक. चैतरामनंही हेच म्हटलं होतं. आत्ता, इथं, याच शब्दांत. ते त्याला असं लागलं की तो उभ्याउभ्या दुकानाच्या पायरीवर बसला. आयुष्यात त्यानं लेकीवर हात उचलला नव्हता, मोठ्या तोऱ्यात सांगायचा तो हे. आणि आज गाडीला आपला पाय लागू नये म्हणून त्यानं तिचा मोडका पाय तिथं ठेवायला लावला. नेम म्हणे! जळो तो नेम.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"आली त्याच दिवशी सांगून राहिली होती. तुमी म्हटलं, त्या घरची गोष्ट या घरात नाही पाहिजे."

म्हटलं होतं. खोटं कुठं होतं? हातात ब्रश होता, बैलाचं शिंग अर्धं रंगलेलं होतं. त्याला सगळं आठवलं.

"अन् आज? आजबी निघाली तू माझ्यासंगं. एक शब्द नाही बोलली."

"कुठं राहू मंग?" हर्षानं पहिल्यांदाच मान वर केली. "तुमच्या इथं पाहुणी, तिथं अशी. सात महिने पाहुणी म्हणून बसली बाबा. कोणी विळा हातात देत नाही, कोणी ताट धुऊ देत नाही. जेवण गिळवत नाही असं. तुमी इतक्या खुशीनं पिशवी भरा म्हटलं, मंग मले वाटलं, जाऊ द्या, एक दिवस मरायचंच आहे."

आयुष्यभर सांगितलेली ती पणज्याची गोष्ट चैतरामला आठवली, आणि तिच्यासोबत दुसरी एक, जी तो कोणाला सांगत नसे कारण तीत ऐट नव्हती. तो लहान असताना एका पावसाळ्यात तळ्याच्या पाळीला भोक पडलं. भर दिवसा सगळं गाव टोपल्या घेऊन धावलं. त्याचा आजा घरातलं धानाचं पोतं पाठीवर घेऊन धावला आणि धानासकट ते भोकात कोंबलं. पाणी कोणाचं, पाळी कोणाची, दिलेलं की ठेवलेलं, हे त्या वेळी कोणीच विचारलं नाही. पाळ फुटताना नेम विचारतो तो कोहळी कसला?

खिशातला फोन वाजला. परसराम होता.

"हां इवाई, निघाले का? गाडी झाली चालू?"

"होऊन राहिली."

"चांगलं, चांगलं. पोरगा वाट पाहून राहिला."

"पोरग्याले सांगा, वाट पाहू नको म्हणा," चैतराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "गाडी येत नाही. पोरगीबी येत नाही. तुमी दात घासत होते ना जी त्या दिवशी अंगणात? मले आजच समजलं. आता पुढचं बोलणं पोलीस चौकीत करू, नाही तर कोर्टात करू. माझ्या दारात पाय ठेवू नका."

पलीकडून परसराम काहीतरी गोड बोलायला लागला. चैतरामनं फोन बंद केला. बंद करायचं बटण त्याला पटकन सापडलं नाही.

श्यामलाल पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आला. त्यानं काही ऐकलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. हर्षाला पाणी दिलं, मग चैतरामकडं वळून नेहमीच्या दुकानी आवाजात विचारलं, "तो भाऊ, यही छोटी रहने दूं?"

"काढा ते. मोठी लावा."

"किकची गरज नाही पडणार मग."

"तेच पाहिजे. पोरगी चालवणार आहे. रोज अर्जुनीले यायचं आहे तिले, कामावर." हर्षानं चमकून पाहिलं. चैतरामनं तिच्याकडं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर त्याला पुढं बोलता आलं नसतं. "अन् चांगली ताजी द्या. तारीख पाहून द्या. वर्षाची-बिर्षाची नाही चालत. चार सालाची पाहिजे."

"चार के बाद भी चलेगी. रोज चालवा फक्त." श्यामलाल खाली बसला. "जरा गाडी सीधी पकडो. स्टँडवर झुकते, बॅटरी नीट बसत नाही."

चैतराम पुढं झाला. क्षणभर थांबला, सवय ती सवय. मग त्यानं दोन्ही हातांनी गाडीचं हँडल धरलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. धुळीनं माखलेली ती गाडी त्यानं सरळ उभी केली आणि नट आवळून होईपर्यंत हलू दिली नाही. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि सीट पुसली. कोंबडीची घाण वाळून बसली होती, ती नखानं खरवडली.

ओमेश चहा पिऊन, पान खाऊन, सावकाश आला. "काका, झाली का? निघू का सौंदडले?"

"तू एसटीनं घरी जा," चैतराम म्हणाला. ओमेशनं हर्षाचा पाय पाहिला, चैतरामचा चेहरा पाहिला आणि तोंडातलं पान थुंकून गुमान निघून गेला.

आधी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला, एक्स-रेचा फोटो काढायला सांगितला, इतके दिवस काय करत होते म्हणून चैतरामलाच झापलं. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. ब्रेक हलक्या पायानं मारता येईल, पण किक नाही, जड उचलणं नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. बाहेर आल्यावर हर्षा गाडीवर बसली. चैतराम बाजूला उभा, पिशवी छातीशी धरून.

"बसा ना बाबा."

तो बसला. पाय कुठं ठेवायचे हे त्याला माहीत नव्हतं, लेकीनं वाकून दाखवलं. हात कुठं धरायचे हेही कळेना. मग एका हातानं पिशवी आणि दुसऱ्या हातानं मागची दांडी धरून तो ताठ बसला. गाडी हळूहळू बाजारातून निघाली. ओळखीचे दोघे-तिघे थांबून पाहायला लागले. चैतराम डोंगरवार लेकीच्या आंदनाच्या गाडीवर! पाहा म्हणावं. डोळे भरून पाहा.

गावाच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागतं. ते पडलेलं होतं. हर्षानं गाडी बंद केली. मागं-पुढं आणखी गाड्या येऊन थांबल्या, मोहफुलांची पोती लादलेली एक सायकल थांबली. तेवढ्यात पॅसेंजर आली. सौंदडला जाणारी, त्यांचीच, आज बरीच उशिरानं सुटलेली. डबे एकेक करून समोरून गेले, खिडक्यांतली माणसं गेली आणि शेवटचा डबाही गेला. हर्षा ती जाईपर्यंत पाहत होती. तिच्या पाठीचा ताठा सैल झालेला चैतरामला मागून दिसला.

"बाई," तो म्हणाला. "म्या तुले किक मारायले लावली."

हर्षानं मागं हात करून त्याच्या मांडीवरची पिशवी जरा आत सरकवली, पडू नये म्हणून. बापाचे डोळे तिनं पाहिले नाहीत, बरं झालं. तो दुपट्ट्यानं पुसत होता, कोंबडीची घाण पुसलेल्या त्याच दुपट्ट्यानं.

फाटक उघडलं. आजूबाजूला सगळ्यांच्या किका सुरू झाल्या, कोणी शिव्या देत, कोणी पाय झाडत. हर्षानं अंगठ्यानं बटण दाबलं. गाडी एका दमात चालू झाली.

"बाबा, बसले ना नीट?"

"बसलो," चैतराम म्हणाला. "चाल. आपल्या घरी चाल."